सरकारी टायरातली हवा

हवा देवाने सर्वांना फुकट दिली आहे. लहान-मोठा, जात-पात असा भेद तिने कधी केला नाही. (पाण्याचं तसं नाही, पण ते पुढे येईल.) मात्र हीच हवा सरकारी जीपच्या टायरात एकदा शिरली की ती जोखमीची वस्तू होते. ती किती भरायची, कमी करायची झाल्यास कुणाच्या हुकमाने, आणि सोडलेली हवा गेली कुठे असं वरून विचारणा झाली तर सांगायचं काय, या प्रश्नांवर आमच्या कचेरीने जे काम केलं तसं साऱ्या वऱ्हाडात कुणी केलं नसेल. मी त्या कचेरीचा बडे बाबू होतो, म्हणून हे अभिमानाने सांगतो.

कचेरी नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला. नेमकी कुठे ते सांगत नाही, कारण ती अजून आहे आणि माझी पेन्शन तिच्यातूनच येते. आमची जीप आली तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो. मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात. या सगळ्या काळात जीप एकाच बाभळीखाली उभी होती आणि राज्यं तिच्याखालून सरकत गेली. टायरातली हवा कोणत्या राज्याची, हा प्रश्न मीच प्रथम उपस्थित केला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

आता बोरझिऱ्याचं प्रकरण. हे गाव पक्क्या सडकेपासून आत एक मैल, मधे काळ्या मातीची पांदण, म्हणजे बैलगाडीची वाट. गावाच्या अलीकडे, सडकेच्या बाजूला, बौद्धांची वस्ती. गावच्या विहिरीवर पाणी भरायला वस्तीला कायद्याने पूर्ण मुभा आहे. (कायदा गावात पोचलेला नाही. त्यालाही त्याच पांदणीने यायचं आहे.) तोवर वस्तीच्या बाया नाल्यात झिरा खोदून वाटी-वाटीने पाणी भरत. त्या पाण्याने आदल्या साली जुलाब होऊन वस्तीतली दोन लेकरं गेली. त्यातलं एक सुंदराबाईचं. तिच्या नवऱ्याने, डोमाजीने, विहिरीसाठी अर्ज केला आणि एकसष्ट साली विहीर मंजूर झाली. अट एकच, ती म्हणजे साहेबांनी समक्ष येऊन जागा पाहायची आणि खूण मारायची. हुकमात शेवटची तारीख होती. वस्तीने ती पुढच्या सालचा पोळा म्हणून ध्यानात ठेवली. पोळ्याआधी खूण नाही पडली, तर विहीर दुसऱ्या गावाला.

आमचे साहेब केशवराव म्हणजे कामाला वाघ. हुकूम आला त्याच आठवड्यात निघाले. भादव्याचे दिवस, पांदणीत चिखल. जीपच्या पत्र्यावर छापलं होतं, हवा तीस पौंड. तीस पौंड म्हणजे तीस पौंड. जीप सडक सोडून आत शिरली आणि चिचेच्या झाडाजवळ अशी बसली की बैल बसला तर उठवता तरी येतो. तिथून वस्ती इतकी जवळ की कुणाच्या दारात कोणती कोंबडी आहे ते ओळखू येई. साहेबांनी जीपमध्ये बसूनच पाहणीचा प्रयत्न केला, पण जागा वस्तीच्या पलीकडच्या अंगाला होती. मग शिपाई भगवंत गावात जाऊन पाटलाच्या घरून चहा घेऊन आला. चहा गरम होता. (वस्ती पाटलाच्या घरापेक्षा जवळ होती, पण चहाला भगवंत तिकडे जात नसे. हा हवेचा विषय नाही म्हणून सोडून देतो.)

परत आल्यावर साहेब म्हणाले, "बडे बाबू, दोष चिखलाचा नाही, हवेचा आहे." झालं, समिती बसली. अध्यक्ष साहेब, सचिव मी, तज्ज्ञ म्हणून ओव्हरसियर वामनराव आणि अनुभवी म्हणून ड्रायव्हर जानराव.

वामनरावांचं म्हणणं असं की मऊ जमिनीत टायर जरा ढिला पाहिजे. हवा कमी केली की टायर पापडासारखा पसरतो, आणि हलकी गाडी चिखलावरून निघून जाते. पंधरा पौंड पुरे. जानराव लढाईच्या काळात ब्रह्मदेशात गाडी हाकून आलेले. हवा ते बुटाच्या लाथेने मोजत. टायरला लाथ मारली आणि पाय दुखला तर हवा बरोबर. ते म्हणाले, "पंधरा पौंडावर तं मी लग्नाची सायकल बी चालवत नाई." दोन्ही मतं इतिवृत्तात घेतली. मग साहेबांनी बावीस सुचवले, कारण ते मधोमध येतात.

खरं घोडं पुढेच पेंड खायला लागलं. हवा मोजायचं गेज अमरावतीला राजापेठेतल्या एका दुकानात आणि हवा भरायचा आमचा हातपंप अकोल्याच्या भांडारात दुरुस्तीला. म्हणजे पांदणीच्या तोंडाशी हवा सोडायची तर किती सोडली ते अमरावतीला कळणार आणि परत भरायची तर अकोल्याहून. तेव्हा हवा सोडण्यास मंजुरी मागावी, असं ठरलं. मी मसुदा केला. तो इतका चांगला उतरला की साहेब दोनदा वाचून घरी घेऊन गेले.

या काळात डोमाजी दर बाजाराच्या दिवशी कचेरीत येई. सदऱ्याला पांढरी बटणं, पायाला घोट्यापर्यंत चिखल. आम्ही त्याला पांदणीचा हाल विचारत असू, कारण समितीला ताजी माहिती लागे.

"कसी आहे पांदण?"

"चांगली हाये न बाप्पा. आत्ताच येऊन राहिलो तिच्यातून."

ही माहिती आम्ही नोंदवून घेत असू. तिचा उपयोग मात्र होत नसे, कारण डोमाजीच्या पायात हवा किती हे तो सांगू शकत नव्हता.

मंजुरी फाल्गुनात आली, पंधरा पौंड. हुकूम चिखलासाठी होता आणि पांदण तर वाळून विटेसारखी झालेली. पण हुकूम तो हुकूम. जीप पंधरा पौंडांवर आत शिरली आणि चिचेच्या झाडाजवळ ढिल्या टायरात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट असा घुसला की हवा शून्य पौंड झाली. (ही एकच हवा आमच्या काळात विनामंजुरी सोडली गेली. खुंटाचा खुलासा मागवला होता.) भगवंतने चहा आणला. तेवढ्यात सुंदराबाई डोक्यावर दोन घागरी घेऊन नाल्याकडून आली. जीपकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, त्यांच्या पायांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि वस्तीकडे गेली. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

समिती पुन्हा बसली. आता खुंटासाठी हवा जास्त पाहिजे होती. तसं वर लिहिलं. मधल्या काळात देशात पौंड बंद होऊन किलो आले, त्यामुळे पौंडातली हवा बेकायदेशीर ठरते काय, हा नवीनच मुद्दा निघाला. वामनराव आठ दिवस गणितं करत होते. जानराव म्हणाले, "किलोत भरा नाईतर शेरात भरा, लाथ माझीच हाये." अखेर हुकूम आला, हवा टणक भरावी. तो आला श्रावणात, पोळा तोंडावर असताना. पांदणीत गुडघाभर चिखल.

तरी साहेब निघाले. या माणसाच्या जिद्दीला माझा आजही नमस्कार आहे. जीप टणक टायरांवर आत शिरली आणि चिचेच्या झाडाजवळ बसली. त्या झाडाखाली आता आम्हाला घरच्यासारखं वाटू लागलं होतं.

भगवंत चहाला निघणार, तोच वस्तीकडून डोमाजी येताना दिसला. मागे चौघं जण खांद्यावर बाज घेऊन. बाजेवर धुतलेली गोधडी, उशाला लुगड्याची घडी. मागून सुंदराबाई. आमच्याकडे बाजेवर घालून नेतात ते दुखणेकऱ्याला. साहेबांनी विचारलं, कोण आजारी आहे?

डोमाजी जवळ आला आणि हळूच, जानरावांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "साहेब, काई लाजू नका. सुंदरा मले फाल्गुनातच म्हने, साहेबाचे पाय गेले असन, त्याच्यानंच ते गाडीतून खाली उतरत नाईत. लेकराच्या टायमाले आमाले गाडी भेटली नाई, याच बाजेवर नेलं होतं दवाखान्यात. तुमाले आमी अलगद नेतो. जागा पाहा, खूण मारा, परत आनून सोडतो."

साहेबांनी गोधडीकडे पाहिलं. मग ते जरा मागे सरकून बसले आणि म्हणाले, "माझे पाय चांगले ठणठणीत आहेत."

सुंदराबाईने पदर सारखा केला. डोमाजीने साहेबांच्या बुटांकडे पाहिलं, मग वस्तीकडे पाहिलं. मधे चिखल होता, आणि त्यात त्यांची स्वतःची आत्ताच उमटलेली पावलं होती.

"मंग?" तो म्हणाला.

वामनरावांनी टायर पाहिला. जानरावांनी त्याला एक लाथ मारली. शेवटी त्याच चौघांनी बाज खाली ठेवून जीप ढकलत सडकेवर आणून दिली, तेव्हा आम्ही निघालो. अहवालात मी लिहिलं, अर्जदाराने हवेशी संबंध नसलेला प्रश्न उपस्थित केला.

पोळा झाला. विहीर सडकेवरच्या एका गावाला गेली, जिथे आधीच दोन होत्या. साहेबांनी तिथली जागा जीपमधूनच पाहिली. गाडी सुरेख चालली. सुंदराबाई अजून झिऱ्यावर जाते, असं बाजारात कळलं. पुढे बढतीवर जाताना साहेब आमचा हवेचा अहवाल बांधून सोबत घेऊन गेले.

तुम्ही हसलात. हसा, कचेरीला हसायला कर नाही. पण वस्ती सडकेपासून मैलभरही नाही, हे मी पहिल्याच पानावर सांगितलं होतं. तुम्ही शिकलेली माणसं. तेव्हापासून बाज येईपर्यंत तुम्हीही आमच्याबरोबर तीस की पंधरा हाच हिशेब करत होतात. साहेबांना पाय आहेत हे तुमच्या ध्यानात आलं काय? आलं नसेल तर आमच्या समितीत तुम्हाला जागा आहे, अर्ज करा. आणि आलं असेल, तर बोरझिऱ्याची पांदण अजून तिथंच आहे, विहीर अजून झालेली नाही, आणि तुमचे पाय चांगले ठणठणीत दिसतात.

मंग?