नारबाची स्टेशन वॅगन

मुलांनो, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. शपथेवर सांगतो, मी स्वतः तिथे होतो. म्हणजे मी नव्हतो. पण ज्याने मला सांगितली तो तिथे जायला निघाला होता, इतक्यात त्याच्या पायात काटा मोडला. तेव्हा शंका काढू नका.

एका जंगलात नारबा नावाचं अस्वल राहत होतं. त्याची लेक यमी घाटापलीकडच्या जंगलात दिली होती. तिला दिवस गेले होते आणि आता भरतही आले होते. एका सकाळी कावळा यमीच्या सासूचा निरोप घेऊन आला.

"विहीणबाई म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आमच्यात तरी. तुमच्यात तशी पद्धत नसेल, तर तसं कळवा."

नारबाची बायको ठकूबाई तरातरा बाहेर आली.

"ऐकलंत? माझ्या पोरीला घेऊन या. नाहीतर मला तोंड दाखवू नका."

"अगं, पण घाट केवढा! अवघडलेली पोर चालणार कशी?"

"मग न्या काहीतरी बसायला!"

बसायला म्हणून जंगलात एकच वस्तू होती. जांभळाखाली एक जुनी स्टेशन वॅगन पडली होती. कुण्या शिकाऱ्याने बंद पडली म्हणून टाकून दिलेली. पुढे लांब नाक आणि मागे ऐसपैस पोट, अवघडलेली लेक आडवी पडून येईल एवढं. वेलींनी ती गच्च आवळली होती. सीटमध्ये उंदीर, इंजिनात मधमाश्या. येणारे-जाणारे प्राणी तिला पाठ घासून पुढे जात.

नारबाने वेली उपटल्या. गंज खरवतीच्या खरखरीत पानांनी घासून काढला. सीटमध्ये सावरीचा कापूस भरला, टायरांत वाळलं गवत कोंबलं. इंजिनातलं पोळं खाऊन टाकलं. याला सर्व्हिसिंग म्हणतात.

दरबारचा चिटणीस कोल्हा तिथे येऊन उभा राहिला.

"काय नारबा, हिच्यात बसून जाणार कुठे? स्वर्गात?"

"लेकीला आणायला."

"मग तिला म्हणावं, वाट बघू नकोस, बारसं उरकून घे!"

राहता राहिलं पेट्रोल. नारबाकडे मोहाची दारू होती, स्वतःसाठी जपून ठेवलेली. त्याने डोळे मिटले आणि सगळी टाकीत ओतली. बापाचं काळीज कशाला म्हणतात, ते इथे कळतं, मुलांनो.

किल्ली फिरवली. गाडी खोकली, शिंकली, एक उचकी दिली आणि धडधडत सुरू झाली.

झालं! अख्खं जंगल गोळा झालं. सगळ्यांच्या पुढे केसरराव सिंह.

"आमची गाडी!" केसरराव गहिवरले. "आजोबांपासून आमचा जीव होता हिच्यावर."

"जंगलाचं वैभव आहे, महाराज," कोल्हा म्हणाला. "समिती नेमू. मंडप घालू. उद्या आपल्या हस्ते उद्घाटन, मग कायम दर्शनाला ठेवू. चालवायची मात्र नाही. झिजेल."

"महाराज, माझी लेक तिकडे..." नारबा म्हणाला.

"तिलाही दर्शनाचा पास देऊ," केसरराव उदारपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंडप सजला. चाकांखाली लिंबं ठेवली, नाकावर नारळ फुटला. नारबा शेवटचा हात फिरवतो म्हणून बॉनेटमध्ये डोकं घालून आला. केसरराव फेटा सावरत गाडीत बसले. किल्ली फिरवली.

खर्र.

पुन्हा फिरवली.

खर्र... फुस्स.

एक माकड फिस्सकन हसलं. केसररावांची आयाळ ताठ झाली.

"हे भंगार इथे आणलं कुणी?"

"या नारबाने!" कोल्हा म्हणाला. "मी तेव्हाच म्हणालो होतो!"

केसरराव खाली उतरले. समिती जागच्या जागी विरघळली. हरणांनी तोरण खाऊन टाकलं.

"संध्याकाळच्या आत ही पीडा जंगलाबाहेर काढ! पार घाटापलीकडे!"

"जशी आज्ञा, महाराज," नारबा म्हणाला. जरा बोबडंच म्हणाला. गालात वायर धरून अस्वलाला स्पष्ट बोलता येत नाही.

ढकलायला लागेल या भीतीने सगळे भराभर पांगले. नारबाने गालातली वायर काढली, पुसली, जागच्या जागी जोडली आणि गाडी उचक्या देत घाट चढू लागली.

पलीकडे विहीणबाई दारातच उभ्या होत्या. गाडीला एक फेरी घालून म्हणाल्या, "एवढीच होती का?"

यमी मागच्या कापसावर झोपून माहेरी आली. तिला घरी उतरवून नारबाने गाडी पुन्हा जांभळाखाली लावली आणि वर वेली पांघरल्या. दोन दिवसांनी यमीला मुलगी झाली. त्या दिवशी कोल्हा जांभळाखाली येऊन गाडीला पाठ घासत होता.

"नारबा, हे भंगार फिरून इथेच?"

"कुठे जाणार बापडं?" नारबा म्हणाला.

आता कबूल करतो, यातला एक भाग मी रचला आहे. अस्वलाने गाडी चालवली हे खरं, मोहावर चालली हेही खरं. पण केसरराव सीटवरून आपणहून खाली उतरले, ते खोटं. इंजिन पेट घेतंय, असं नारबाला ओरडावं लागलं होतं.

तात्पर्य : मोडकी वस्तू कष्टाने दुरुस्त करावी, उत्तम चालू ठेवावी आणि विचारेल त्याला ती बंद आहे असं सांगावं.