इमान सोडलं

नीलेशचं म्हणणं होतं, की त्याची घार खऱ्या घारीनं पाहिली तर ती सोयरीक घेऊनच येईल.

घार थर्माकोलची. पंख एवढे लांब, की दारातून तिला बाळंतिणीसारखी अलगद तिरपी काढावी लागे. मोटर नाही, आवाज नाही. पोटात एक बॅटरी आणि शेपटी वळवायचं इवलंसं यंत्र. टेकडीवरून हातानं फेकायची, उन्हानं तापून वर चढणारी हवा पकडायची आणि रिमोटवर फिरवत राहायचं. दर रविवारी पळसदरीच्या धरणाजवळ असली विमानं उडवणारी मंडळी जमत. खोपोलीच्या कंपनीत दिवसभर पुठ्ठ्याची खोकी मोजणारा नीलेश तिथं 'कॅप्टन' होता. येत्या रविवारी घार पाहून सगळे तोंडात बोटं घालणार, हे त्यानं बायकोला, रुचिताला, आंघोळीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा सांगितलं होतं.

त्याच्या आईला, ठमीबाईंना, हा नाद पसंत नव्हता. त्या विमानाला इमान म्हणत.

"आई, इमान नाही. वि-मान."

"तेच म्हनते रं मी. इमान."

सर्वपित्री अमावास्येला नीलेशनं रजा घेतली होती. त्याच्या वडिलांना, अण्णांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात वडे, खीर, भोपळ्याची भाजी चाललेली. रुचिता पहाटेपासून सोवळ्यात. आणि हा घार काखोटीला मारून निघाला.

"पान ठेवायच्या आत या," ती हळूच म्हणाली.

"कावळ्याच्या आधी येतो," नीलेश म्हणाला. असं बोलू नये. पण बोलला.

टेकडीवरून त्यानं घार सोडली आणि ती चढली. इतकी सुरेख चढली, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नेहमीप्रमाणे दोन कावळे तिला टोचून पिटाळायला वर गेले. कावळा काही घारीला भीत नाही. पण हे दोघे तिच्या अगदी जवळ गेले, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काव नाही की चाव नाही, मुकाट्यानं खाली येऊन झाडीत शिरले. नीलेश हसला. त्यानं त्याचा व्हिडिओसुद्धा काढला.

मग रिमोटवरचा हिरवा दिवा विझला. घार फार उंच गेली होती. संपर्क तुटला तर भलतीकडे पळून जाऊ नये म्हणून त्यानंच तिला शिकवलं होतं: शेपटी वळवून ठेवायची, एका जागी घिरट्या घालायच्या. तिनं आज्ञा पाळली. फक्त जागा तिनं निवडली, आणि ती होती बरोबर त्याच्याच पोशीर गावाच्या डोक्यावर.

रिमोट खांद्यावरच्या टॉवेलखाली लपवून तो धावत घरी आला, तर सगळे गच्चीवर उभे. केळीचं पान कठड्यावर, त्यावर सगळं वाढलेलं, आणि कावळा नाही.

एका घराचं असतं तर गोष्ट वेगळी. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक कौलावर पान होतं आणि कुठंच कावळा नव्हता. काव नव्हतं. कोंबड्या आपणहून खुराड्यात गेलेल्या. कुत्री पडवीत, पोटाखाली शेपूट घालून. डोक्यावर पांढरं ऊन आणि अंगणांवरून एक सावली, न फडफडता, पुन्हा पुन्हा फिरून येत होती. ती अंगावरून गेली की बायका पदर डोक्यावर ओढून घेत.

"आज काय तरी हाय," ठमीबाई म्हणाल्या. त्यांचे हात कापत होते. त्यांना साखरेचा आजार. जेवल्याशिवाय गोळी नाही, आणि कावळा शिवल्याशिवाय जेवण नाही.

मग गावानं आपापल्या पितरांची समजूत काढायला सुरुवात केली. अण्णांपुढं चहा ठेवला, बिडीचं बंडल ठेवलं, वर काडेपेटीही. पलीकडच्या गच्चीवरून एका सुनेनं मेलेल्या सासूला कळवलं, की मिक्सर माळ्यावर टाकते, उद्यापासून पाट्यावरच वाटते. शेजारच्या गजाकाकांचा धीर सुटला तेव्हा तर सगळी आळी कान देऊन उभी होती. त्यांनी हात जोडले आणि वडिलांना सांगितलं, की शेताचा बांध दरसाल थोडा थोडा कोरत नेला, तो मागं घेतो.

"कुनाचा बांध?" त्यांच्या बायकोनं, शकूकाकूनं, विचारलं.

गजाकाकांनी नीलेशच्या गच्चीकडं नुसती मान हलवली.

नीलेशला तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण गजाकाकांनी भर गावासमोर बांध सोडला तो थर्माकोलला भिऊन, हे आता कसं सांगणार? टॉवेलखाली तो नुसती बटणं दाबत राहिला.

तेवढ्यात ढग आला, ऊन उतरलं, घार खाली येऊ लागली आणि हिरवा दिवा लागला. नीलेशला देव भेटला. त्यानं मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, तुम्ही म्हणत होतात तसे गच्चीवर पत्रे घालीन!" आणि टॉवेलखाली अंगठे चालवत घार अलगद घरांमागच्या भातात उतरवली. टॉवेल उंदीर शिरल्यासारखा हलला. रुचितानं पाहिलं.

आकाश मोकळं झालं. आता येतील, नीलेशनं मनात म्हटलं.

कावळा आला नाही.

सावली गेली होती, तरी कोंबड्या बाहेर येईनात. वारा नव्हता, तरी केळीच्या पानाची कड आपोआप उचलली गेली आणि खाली पडली. नीलेशच्या मानेवरून काहीतरी थंड चालत गेलं. जे कारण त्याला ठाऊक होतं, ते आता उरलं नव्हतं.

"नीलेश," ठमीबाई म्हणाल्या, "तुला सांगितलं नाय मी. तुजं मन मोडंल म्हनून. जायच्या आधी ते म्हनलं व्हतं, त्या इमानापायी पोर डोंगरकड्यावरून जाईल. त्याला जमिनीवर आन."

ठमीबाईंनी त्याला पानाकडं वळवलं.

"शब्द दे रं त्यांना. म्हन, इमान सोडलं."

पळसदरीची मंडळी, रविवार, 'कॅप्टन' ही हाक, सगळं नीलेशच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्यानं आईचे हात पाहिले. ते आता कठड्याला धरूनही थांबत नव्हते.

"अण्णा," तो म्हणाला, आणि आईचेच शब्द त्याच्या तोंडून जसेच्या तसे बाहेर पडले, "इमान सोडलं."

भाताच्या बाजूनं एक कावळा आला. कठड्यावर बसला. पानाकडं न जाता आधी चालत नीलेशसमोर आला, मान वाकडी करून टॉवेलकडं बघितलं, मग वळून वड्याला चोच लावली. त्या चोचीला थर्माकोलचा एक पांढरा दाणा चिकटलेला होता.

गावभर काव काव उठलं. ठमीबाई रडत जेवल्या. गजाकाकांनी बांध खरंच मागं घेतला.

घार संध्याकाळी भातात सापडली. तिला कुठं ओरखडा नव्हता. फक्त डोळे, जे नीलेशनं बारीक ब्रशनं रात्री जागून रंगवले होते, ते दोन्ही टोचून काढलेले होते. आधी सगळे कावळे तिकडंच गेले असणार, म्हणून उशीर, असं नीलेशनं स्वतःला समजावलं. दिवसा ते पटायचं.

दिवाळी झाल्यावर घरी एक लांबट खोकं आलं. ठमीबाई शेतावर होत्या. नीलेशनं ते गच्चीवर नेलं, उघडलं, आतल्या नव्या पंखांवरून हात फिरवला आणि दिवा लावायची वात वळत बसलेल्या रुचितापुढं आपली बाजू मांडली. आई विमानाला इमान म्हणते, हा आईचा उच्चार. पण अण्णांना त्यानं दिलेला शब्द अक्षरशः 'इमान' असाच होता. तेव्हा विचार करता, त्यानं सोडलंय ते इमान. विमान नाही.

रुचितानं वात पुरी केली, तुपात बुडवली.

"इमान तर तुम्ही त्याच्या आधीच सोडलं होतं," ती हळूच म्हणाली. "टॉवेलखाली."

कठड्यावर कावळा येऊन बसला. नीलेशनं खोक्याला पुन्हा चिकटपट्टी लावली.