सगळ्यांना आवडेल असं बीफ

लव्हॉन टीडेमनचा गुडघा बदलला आणि रविवारचं जेवण कोण करणार, हा प्रश्न घरात उभा राहिला. प्रश्नच तेवढा उभा राहिला. लव्हॉनला उभं राहता येत नव्हतं. दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत पाय लांब करून ती बसलेली असे. तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसायचं.

खरं तर मुलगी कोरीन म्हणाली होती, "आई, दोन-चार रविवार आम्ही बाहेरून आणू ना काहीतरी." पण तिचा बाप नॉर्बर्ट त्याआधीच स्वतःच्या जिभेत अडकून बसला होता. चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी पिता पिता, दहा माणसांच्या कोंडाळ्यात तो बोलून गेला होता, "त्यात आहे काय एवढं? स्लो कुकरमध्ये बीफ टाकायचं, बटण फिरवायचं आणि प्रार्थनेला यायचं. स्वयंपाक ते भांडंच करतं. बायका उगाच दमल्याचा आव आणतात."

आयोवातल्या त्या गावात मक्याच्या शेतांवरून वारा जितक्या वेगानं जातो, त्याहून जास्त वेगानं नॉर्बर्टची बहीण युनिस घरी फोन करते. नॉर्बर्टची गाडी दारात लागण्यापूर्वी ते वाक्य, कोंडाळ्यातल्या हशासकट, लव्हॉनच्या कानावर आलं होतं.

तिनं भांडण केलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मग या रविवारी तूच कर. सगळ्यांना बोलाव."

"करतो की!" नॉर्बर्ट म्हणाला. "आणि असं करतो, की घरातल्या प्रत्येकाला आवडलं पाहिजे."

"काही विचारायचंय का मला?"

"तुला? तू आराम कर."

नॉर्बर्टनं आयुष्यभर गुरांचा खुराक विकला होता. गिऱ्हाइकाला काय हवं ते आधी विचारावं, हा त्याचा धंद्यातला मंत्र. तो खुराक खाणाऱ्या बैलांवर कधी वापरला गेला नव्हता, त्यामुळे बिनचूक ठरत आला होता. शनिवारी त्यानं फोन लावायला घेतले.

"बाबा, मैदा नको हं," कोरीन म्हणाली. "मैद्यानं माझं पोट फुगतं. रस्सा दाट करायला आई घालते ना, तो बिलकूल घालू नकोस."

"नाही घालत."

"आणि डॅरिलचं कोलेस्टेरॉल वाढलंय. चरबी नको," ती नवऱ्याबद्दल म्हणाली.

"नाही घालत."

मागून तिच्या मुलीचा, हेझलचा आवाज आला. "आजोबा, कांदा दिसला तर मी उठून जाणार!"

"अगं, कांद्याची सावलीसुद्धा पडणार नाही."

युनिसनं तर फोन उचलल्या उचलल्या सुरुवात केली. "नॉर्बी, माझं ब्लडप्रेशर तुला ठाऊक आहे. लव्हॉन मीठ असं टाकते, जसं काही बर्फ पडलेला रस्ता मोकळा करायचाय. आणि मिरी टाकलीस तर मला ठसका लागतो, आधीच सांगून ठेवते."

नॉर्बर्टनं फोन ठेवला तेव्हा तो कमालीचा खूश होता. त्याचा हिशेब सरळ होता. ज्याला जे आवडत नाही ते काढून टाकायचं. मग उरेल ते सगळ्यांना आवडणारच! इतकी वर्षं बायकांच्या हे ध्यानात कसं आलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. मैदा गेला, चरबी गेली, कांदा गेला, मीठ गेलं, मिरी गेली. उरली ती गाय.

तिलाही त्यानं सोडलं नाही. लव्हॉन नेहमी खांद्याचं मांस घ्यायची, पांढऱ्या चरबीच्या रेघा असलेलं. दिवसभर मंद आचेवर तेच लोण्यासारखं होतं. डॅरिलच्या कोलेस्टेरॉलचा मान राखून नॉर्बर्टनं तळघरातल्या फ्रीझरमधून मांडीचा तुकडा काढला. चरबीचा मागमूस नाही, लालबुंद, देखणा. आणि तोफगोळ्यासारखा टणक. हे त्यानं रविवारी सकाळी केलं. बर्फ आधी वितळवावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगायला एक माणूस खुर्चीत बसलं होतं, पण त्याला विचारायचं नव्हतं.

तुकडा भांड्यात आडवा जाईना. उभा ठेवला तर झाकण बसेना. सुरी त्याच्यावरून घसरली आणि ओट्यावर एक ओरखडा उठला. थोड्या वेळानं गॅरेजमधून खर्र खर्र असा आवाज येऊ लागला.

"नॉर्बर्ट," लव्हॉननं आतूनच विचारलं, "करवतीनं काय कापतोयस?"

"काही नाही! फळी आहे एक!"

"हं," लव्हॉन म्हणाली.

करवतीच्या दात्यांत अडकलेले लाल कण धुऊन, तुकडे भांड्यात रचून, वर नळाचं पाणी ओतून नॉर्बर्टनं बटण 'मंद'वर फिरवलं आणि छाती फुगवून तो चर्चला गेला. भांड्यासोबतच्या कागदावर 'आठ तास' असं छापलेलं होतं. चर्च सुटून दुपारच्या जेवणाला बसेपर्यंत हातात चार तासही नव्हते. पण छापणारे लोक जरा वाढवूनच सांगतात, असं त्याचं मत होतं. खुराकाच्या पोत्यावर तो स्वतःही तेच करत आला होता.

दुपारी मंडळी जमली. कोरीननं बाकीच्यांसाठी पाव आणले होते, युनिसनं लोणच्याची काकडी आणि फळं घालून थिजवलेलं जेलीचं सॅलड. कोट काढता काढता डॅरिल थबकला. हा जावई उंचापुरा, सज्जन आणि सासऱ्यासमोर नेहमी थोडा वाकलेला. तो म्हणाला, "वास काहीच येत नाहीये."

"चांगल्या मांसाला वास नसतो," नॉर्बर्टनं ठणकावलं आणि झाकण उचललं.

आत करड्या पाण्यात करडे ठोकळे बसले होते. त्यानं काटा टोचला. काटा वाकला.

"दहा मिनिटं!" त्यानं बाहेर घोषणा केली आणि बटण 'जोरात'वर नेलं.

दहा मिनिटांनी त्यानं झाकण उघडून पाहिलं. मग कोरीननं उघडून पाहिलं. मग युनिस, "मी फक्त बघते," असं म्हणून बघून आली. हेझलनं कांदा शोधण्यासाठी उघडलं. डॅरिलनं उघडलं, कारण बाकी सगळ्यांनी उघडलं होतं. अशा भांड्याचं झाकण एकदा उघडलं की आतली वाफ जाते आणि शिजणं अर्धा तास मागे पडतं. त्या हिशेबानं, जेवायला जमल्यापासून ते बीफ हळूहळू जास्त कच्चं होत चाललं होतं.

तासाभरात पाव संपले. काकड्या संपल्या. जेलीचं सॅलड एरवी आठवडाभर फ्रिजमध्ये हलत पडायचं, तेही संपलं.

"नॉर्बी, मला गोळी जेवल्यावर घ्यायची असते," युनिस म्हणाली. "आज घेऊ, का उद्या?"

"लव्हॉनच्या वेळी नाही कधी घाई केलीत ती!"

"तिच्या वेळी जेवण असायचं रे."

लव्हॉन खुर्चीतून हे सगळं ऐकत होती. एकदाच तिनं मान वळवून विचारलं, "काही विचारायचंय का?"

"नाही!" नॉर्बर्ट ओरडला. त्याचा चेहरा आता मांसापेक्षा लाल झाला होता. मांस तर केव्हाच करडं पडलं होतं.

अखेर उन्हं कलायला लागली तेव्हा बीफ टेबलावर आलं. लव्हॉनला काठीच्या आधारानं आणून बसवलं. सगळ्यांनी हात धरून प्रार्थना केली. आजची प्रार्थना नेहमीपेक्षा कळकळीची झाली. नॉर्बर्टनं वाढलं. प्रत्येकाच्या ताटात एकेक करडी फळी आणि तिच्याभोवती कोमट पाणी.

मग सगळ्यांनी चावायला घेतलं. सहा जबडे चालू होते. डॅरिलच्या कानशिलाशी एक शीर उडत होती. युनिसनं हळूच आपली कवळी चाचपून पाहिली. नॉर्बर्टनं स्वतःचा घास डाव्या गालातून उजव्या गालात नेला, पुन्हा डाव्या गालात आणला आणि त्याला कळून चुकलं, की खोगीर शिजवलं असतं तर ते याआधी मऊ झालं असतं.

त्यानं बायकोकडे पाहिलं. आता ती बोलणार. सगळ्यांसमोर बोलणार, आणि संध्याकाळपर्यंत युनिस ते गावभर करणार.

लव्हॉननं घास संपवला. त्याला वेळ लागला. तिनं रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाली, "नॉर्बर्ट, अप्रतिम!"

"पण आई..." कोरीननं तोंड उघडलं आणि लगेच "आई गं!" करून मिटलं. टेबलाखाली काठी तिच्या नडगीला लागली होती.

"इतकं स्वच्छ चवीचं बीफ मी जन्मात खाल्लं नव्हतं," लव्हॉन म्हणाली. "तुला काय वाटतं, कोरीन?"

"स्वच्छ," कोरीन नडगी चोळत म्हणाली. "अगदी स्वच्छ आहे, बाबा."

"याला चवच..." हेझल बोलू लागली, तेवढ्यात तिच्या आईनं तिच्या तोंडात एक तुकडा सारला. पुढची काही मिनिटं पोरगी बोलण्याच्या स्थितीत नव्हती.

"चरबी अजिबात नाही," डॅरिल प्रामाणिकपणे म्हणाला.

युनिसनं आयुष्यात प्रथमच एखाद्या पदार्थाला खारट म्हटलं नाही. "आमच्या घराण्याच्या हाताला चव आहेच," ती म्हणाली. भावाचं कौतुक करायचं की लव्हॉनला टोचायचं, हा पेच तिच्यापुरता तरी एकाच वाक्यात सुटला.

नॉर्बर्टला आधी विश्वास बसेना. मग बसला. हरभऱ्याच्या झाडावर चढायला शिडी लागत नाही; माणसाला मुळात चढायचं असावं लागतं. दुसऱ्या घासाला त्याला वाटलं, की मांस तितकंसं चिवट नाही. तिसऱ्याला वाटलं, की चिवटपणातही एक गंमत आहे.

"मी एक ठरवलंय," लव्हॉन म्हणाली. "एवढी कला असताना मी मध्ये लुडबूड करणं बरं नाही. यापुढे रविवारचं जेवण नॉर्बर्टचं. आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाचंही. माझ्या भावाची मंडळी येतीलच. मीच कळवते त्यांना."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात सुटकेचा भाग मोठा होता, कारण टाळ्या वाजवताना चावावं लागत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर नॉर्बर्ट भांडं घासत उभा राहिला. सकाळपासून तो उभाच होता. कंबर धरली होती, बोटांना पाण्यानं सुरकुत्या पडल्या होत्या. उरलेल्या फळ्यांतली एक त्यानं पुन्हा चावून पाहिली. आता टाळ्या नव्हत्या. नुसतंच मांस होतं. तो दिवाणखान्यात आला.

"लव्हॉन, खरं सांग. कसं झालं होतं?"

"भयंकर," लव्हॉन म्हणाली. "माझी दाढ हलतेय."

"मग स्तुती कशाला केलीस?"

"तुझ्या आईनं माझी केली होती म्हणून."

नॉर्बर्ट समोरच्या स्टुलावर बसला.

"लग्नानंतरचा पहिला रविवार," ती म्हणाली. "बीफ वरून कोळसा, आतून रक्त. मी रडायच्या बेतात होते. तुझ्या आईनं एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, असं माझ्या आईलाही जमलं नव्हतं! तुझ्या बाबांनी मान डोलावली. तूही डोलावलीस."

"मी?"

"दोनदा वाढून घेतलंस. मी महिनाभर जमिनीवर चालत नव्हते. आणि त्या दिवसानंतर तुझ्या आईनं रविवारी चुलीला हात लावला नाही. ते मुद्दामच केलं होतं, हे शेवटच्या आजारपणात तिनं स्वतःच सांगितलं मला. हसून हसून ठसका लागला तिला, नर्स धावत आली."

नॉर्बर्टनं बोटांवरच्या सुरकुत्या चोळल्या. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ते चर्चमधलं... मी बोललो ते चूक होतं."

"हो, चूकच होतं," लव्हॉन म्हणाली. "मांस शुक्रवारी फ्रिजमध्ये काढून ठेव. खांद्याचं."

पुढच्या रविवारी नॉर्बर्ट प्रार्थना बुडवून पहाटेपासून स्वयंपाकघरात होता. मंडळी आली तेव्हा त्याची कंबर ठणकत होती आणि बटाटे कुस्करायचे राहिले होते. डॅरिल थंड काहीतरी प्यायला मिळेल म्हणून आत डोकावला.

"बरा आलास. जरा हे घोट बघू."

डॅरिलनं बाह्या सरसावल्या. त्यानं जीव तोडून बटाटे घोटले. त्यात सुपारीएवढ्या गाठी राहिल्या आणि दूध इतकं पडलं, की गाठी तरंगू लागल्या. त्यानं भीत भीत चमचाभर सासऱ्यापुढे धरला.

नॉर्बर्टनं खाल्लं. एक गाठ दाताखाली कच्चकन फुटली. त्यानं डोळे मिटले.

"डॅरिल," तो भारावलेल्या स्वरात म्हणाला, "हे तू शिकलास तरी कुठे?"

जावयाचे कान लाल झाले. आजवर या घरात त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. "खरंच आवडलं? मग... पुढच्या रविवारी बीफसुद्धा मी करून बघू?"

नॉर्बर्टनं खिडकीबाहेर कापणी झालेल्या शेताकडे पाहत थोडा वेळ काढला. लगेच हो म्हणणं बरं दिसलं नसतं.