वच्छीचा ताजवा

मी पहिला घास मोडणार, तोच माझ्या ताटातली भाकर कुणीतरी उचलली. वर पाहतो तर वच्छी, माझी भाची. तिनं ती भाकर एका छोट्या पितळी ताजव्यात टाकली, दुसऱ्या पारड्यात वजनं चढवली, वाकून काटा पाहिला, वहीत आकडा लिहिला आणि भाकर परत माझ्या ताटात ठेवली.

"एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅम," ती म्हणाली. "जेवा मामा."

डोणगावच्या बाजारात मी वीस वर्षं मापारी आहे. लोकांची ज्वारी, तूर, करडी तोलण्यात माझा जन्म गेला. शेर-मण जाऊन किलो आले तेव्हा निम्मा बाजार गडबडला, पण माझं माप कधी चुकलं नाही. तरीही पानात वाढलेलं अन्न कुणी तोलतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शेजारी माझे वडील, आबा, बसले होते. त्यांनी ताट ओढून मांडीवरच घेतलं.

"माह्या भाकरीले हात नको लावू वं पोरी! मी काय तुरीचं पोतं हाओ काय?"

वच्छी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. गाव जानेफळ. बहीण वारली तेव्हा ही अकरा वर्षांची होती. पोरगी हुशार निघाली आणि मॅट्रिक झाल्यावर नागपूरला कॉलेजात गेली. काय शिकायला? तर आहारशास्त्र. माणसानं काय खावं, किती खावं, आजाऱ्याला काय द्यावं. हे ऐकून जानेफळात आणि डोणगावात एकाच वेळी खळबळ उडाली. आबांना तर आजवर ते पटलेलं नाही.

"सैपाक शिकाले नागपूर? चुलीपाशी बसवली असती तं आठ दिवसांत शिकली असती. अन् एवढं शिकून भाकर तं गोल येत नाई तिले!"

हे मात्र खरं होतं. वच्छीची भाकर मी पाहिली आहे. तिला चार कोपरे असत. त्यावर वच्छी शांतपणे म्हणे, "कोपऱ्यात उष्मांक तेवढेच असतात आबा."

उष्मांक हा तिचा लाडका शब्द. लाकूड जळलं की ऊब निघते तशी अन्नातून जी निघते ती मोजायची, असं तिनं मला समजावलं. मला मोजण्याचं काहीही समजतं, त्यामुळे आमचं जमलं. पण बाकीच्यांचे हाल होते. गल्लीतला कुणी दारात शेंगदाणे खात उभा राहिला तर ही विचारी, "किती खाल्ले? मोजून सांगा." देवळातला प्रसाद हातावर घेऊन ही अंदाज करी, "साखर बारा ग्रॅम." पुजारी तिला पाहिलं की प्रसाद मुठीत झाकून देऊ लागला.

त्या दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली ती कामासाठी. शेवटचं वर्ष होतं. एका घरात सलग सात दिवस राहायचं, प्रत्येक माणूस काय आणि किती खातो ते तोलून लिहायचं आणि ती वही परीक्षेला द्यायची. वही नाही तर पास नाही. आणि तिच्या वडिलांनी बजावून ठेवलं होतं, "औंदा पास झाली तं पुढची गोष्ट. नाई तं उन्हाळ्यात लगीन." बुलडाण्याकडचं एक स्थळ त्यांनी पाहूनही ठेवलं होतं.

पाहणीचे पहिले दोन दिवस आमच्या घरानंच बुडवले. भाची आली म्हणून बायकोनं पहिल्या दिवशी संध्याकाळी पुरणपोळ्या केल्या, दुसऱ्या दिवशी भजी आणि खीर. वच्छी रडकुंडीला आली.

"मामी, रोजचं करा हो! मला रोजचं लिहायचंय!"

"रोजचं काऊन? लेकीच्या पानात बेसन-भाकर वाढू? अन् ते तू लिहून नागपूरले दाखवशीन? इज्जत हाय आमची!"

शेवटी मी मधे पडलो. माल तोलायचा तर आहे तसाच तोलायचा, वरून चांगले दाणे पसरायचे नाहीत, हे मी बायकोला समजावलं. वच्छीनं ती दोन पानं खोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग भाकर, वरण, अंबाडीची भाजी असं आमचं नेहमीचं शिजू लागलं. वच्छी पहाटे पीठ तोलायची, सगळ्यांची ताटं तोलायची, उष्टं उरलेलंही तोलायची. आम्ही तिघं पुरुष, म्हणजे आबा, मी आणि माझा मुलगा, आधी जेवत असू. बायको मागून. ही तिच्यापाशी ताजवा घेऊन बसायची. बायको हसून म्हणायची, "मले काय तोलतं? मले भूकच नसते."

नव्या मोजणीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बेरजा तपासायला वही मागितली. बेरीज दुसऱ्यानं तपासावी, हा माझा नियम आहे. माझ्या नावापुढे तोवरची रोजची सरासरी एकोणतीसशे उष्मांक. मुलाची त्याच्या जवळपास. आबांची, दिवसभर ओट्यावर बसून, एकोणीसशे. आणि बायकोची साडेदहाशे.

मी बेरीज पुन्हा केली. खालून वर केली. बरोबर होती.

"सोमवारचा उपास होता म्हणून असंल," मी म्हणालो.

"उपासाचा दिवस वेगळा काढला मामा. उरलेल्या दिवशीही दीड भाकर. वरण संपलेलं असतं. भांड्याला लागलेलं पुसून घेतात."

बायकोला दुपारी घेरी येई. विहिरीवरून येताना ती भिंत धरी. आम्ही ते पित्तावर ढकललं होतं. ज्या बाजारात छटाकभर तूर कमी भरली तर मी व्यापाऱ्याशी भांडतो, तिथून घरी येऊन वीस वर्षं मी पहिल्या पंगतीला जेवत होतो आणि मागे काय उरतं ते पाहिलं नव्हतं. त्या रात्रीचं माझं जेवण वहीत निम्मं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छीनं घरात एक छापील इंग्रजी कागद फडकावला.

"चौथ्या दिवसापासून नियम बदलतो. पाहणी करणारीनं घरच्या बाईसोबत, एकाच ताटात, पहिल्या पंगतीला जेवायचं. कॉलेजचा नियम आहे."

आबा उठूनच उभे राहिले. "बायामाणसं पुरुषाच्या पंगतीत? कोनं छापलं हे?"

"विद्यापीठानं," वच्छी म्हणाली.

छापलेल्यापुढे आबांचं काही चालत नसे. चार दिवस आमच्या घरात सासरा आणि सून एका पंगतीला जेवले. आबा भिंतीकडे तोंड करून बसत, पण बसत. बायको लाजून एकेक तुकडा मोडी, आणि वच्छी म्हणे, "मामी, ताट रिकामं झालं नाही तर मला नापास करतील." नापास म्हटलं की बायको खाई. शेवटच्या दिवशी ती पाण्याचे दोन हंडे घेऊन विहिरीवरून सरळ आली. भिंत धरली नाही.

सात दिवस भरले. मी शेवटच्या बेरजेला बसलो, आणि हबकलो. पहिले तीन दिवस ठीक होते. पुढच्या चारही पानांवर लाल शाईची आडवी रेघ, आणि खाली वच्छीच्या बारीक अक्षरात एक ओळ: 'हे आकडे धरू नयेत. पाहणी करणारीने घरातली जेवणाची रीत बदलली.'

"वच्छे, तो नियम?"

ती ताजव्याची साखळी गुंडाळत होती. "नियम उलटा आहे मामा. आपण काही बोलायचं नाही, काही बदलायचं नाही. निसतं लिहायचं."

"मंग हे सात दिवस?"

"गेले."

"अवं, पण तुझं वर्ष! कोनाले कळते? राहू दे ते आकडे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुमी बाजारात असं करता काय?"

मी वही मिटली. मग तीच बोलली, तिच्या जानेफळच्या बोलीत, जी ती नागपूरला गेल्यापासून क्वचितच बोले. "माय अशीच जेवे. सगळ्याइच्या मागून. मी लहान होतो, मले मोजता येत नव्हतं."

सुट्टीचे आठ दिवस उरले होते. बाजारातल्या किसन हमालाला मी विचारलं, तो हो म्हणाला. उद्यापासून वच्छी त्याच्या घरी बसणार होती.

"तिथं नियम नाई सांगायचा हां," मी म्हणालो.

"नाई. त्याची बायको काय खाते ते लिहीन, अन् तोंड शिवून बसीन. वही झाली की मंग बोलीन तिच्याशी."

आकडा सांगायचा तर ती पास झाली, दुसऱ्या वर्गात. पण मला आठवतं ते ती किसनकडे जायच्या आदल्या संध्याकाळचं जेवण. पाहणी संपली होती, म्हणून वच्छी पुन्हा पंगतीबाहेर उभी होती. मी वही पुन्हा चाळली. आबा, मी, मुलगा, बायको, सगळ्यांचे रकाने होते. वच्छीचा नव्हता.

"तुझा आकडा कुठं?"

"पाहणी करणारीचा लिहीत नाहीत."

"नागपूरले कोनासोबत जेवतं?"

"पुस्तक घेऊन बसते मामा."

"अन् जानेफळले?"

"बाबा अन् दादा उठले की." मग ती हसली. "मले भूक कमीच असते."

हे वाक्य आमच्या घरानं वीस वर्षं ऐकलं होतं. बायकोनं चुलीपुढून मान वर केली. आबांनी सवयीनं भिंतीकडे केलेलं तोंड फिरवलं आणि स्वतःच्या शेजारचा पाट हातानं थोपटला. "बस वं पोरी इथं. छापलेलं असो का नसो."

आमच्या धंद्यात मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. मी टोपल्यातली गरम भाकर घेतली, ताजवा बाजूला सारला, आणि ती वच्छीच्या ताटात ठेवली.

"लाभ," मी म्हणालो.