पावण्यांचा मान

शिरोळचे भूपालअण्णा दुसरा चहा पिऊन बसले होते, पण भाग्यश्रीला सून करून घेण्याबद्दल अजून हो म्हणत नव्हते. तीन रविवार हेच चाललं होतं. त्यात मुलीच्या बापाची, आप्पासोंची, कंबर धरलेली आणि डॉक्टर रोहिणीबाईंकडे ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायची वेळ झालेली. अक्काताईंनी नवऱ्याला उठवलंच.

"मी बी येतो की सोबतीला," अण्णा म्हणाले. "वाटंत बोलू."

शिवाजी पेठेतला दवाखाना येईपर्यंत अण्णा फक्त ऊसतोडीवर बोलले.

सुईच्या नुसत्या नावानं आप्पासोंना घाम फुटायचा. पोचल्या पोचल्या ते संडासात शिरले आणि दहा मिनिटं बाहेरच आले नाहीत. तेवढ्यात कंपाउंडर केरबानं हाक मारली, "पावणं, चला आत!" केरबा दिसेल त्याला पावणं म्हणायचा. अण्णा तर खरेच पाहुणे. ते निमूट आत गेले.

आप्पासो येऊन बघतात तर होणारे व्याही पालथे पडलेले आणि कंबरेत अकरा सुया.

"आरं केरब्या, हे आमचं पावणं हायत!"

"मग मी बी पावणंच म्हणलो की!"

"कंबर दुखते का विचारलं, तर हे हो म्हणाले," रोहिणीबाई गडबडून म्हणाल्या. "आता वीस मिनिटं हलू नका. सुई टोचली की मेंदूला निरोप जातो आणि मेंदूच दुखणं कमी करतो, असं संशोधक म्हणतात. गुण सगळ्यांनाच येतो असं मात्र नाही."

अण्णांच्या मेंदूला कसला निरोप गेला असेल, ते आप्पासोंना दिसतच होतं. पोरीचं जमत आलेलं लग्न आपल्या भित्रेपणानं मोडलं, म्हणून ते स्वतःलाच शिव्या देत बसले.

सुया निघाल्या. अण्णा हळूच उठले.

"चुकलं आमचं, अण्णा. पण तुम्ही न्हाई का म्हणला न्हाईसा?"

"मला वाटलं, तुमच्यात पावण्यांचा असाच मान करत्यात. म्हटलं, सोसावं." अण्णांनी वाकून स्वतः चप्पल घातली आणि चकितच झाले. "आयला, वाकाय आलं की! ह्या कंबरेनं लग्नात चार तास हुबं कसं ऱ्हायचं, ह्याच घोरानं होकार अडला हुता. आता धरा तारीख!"

आप्पासोंच्या डोळ्यांत पाणीच आलं. जीव असा काही भांड्यात पडला की कंबरही दुखेनाशी झाली. "चला, अक्काताईला सांगू," म्हणत ते दाराकडे वळले, तर अण्णांनी प्रेमानं त्यांचा दंड धरला.

"आता तुम्ही बी आमचं पावणं झालासा. व्हा आडवं."