दोऱ्याएवढी फळी

नातीचं पत्र येऊन बरेच महिने झाले होते आणि आजोबांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं नाही. पुष्कळदा लिहिलं होतं. पण प्रत्येक वेळी ‘प्रिय’च्या पुढे ‘मासोळी’ घालावं की तिचं खरं नाव, इथेच पेन अडायचं. मासोळी हे नाव आजीनं ठेवलेलं. आजी गेल्यावर ते आपल्याला वापरता येतं का, याबद्दल त्यांना शंका होती. तशा त्यांना बहुतेक गोष्टींबद्दल शंका असत. जन्मभर पुस्तकबांधणी केली, पण आपली बांधणी टिकेल अशी खात्री त्यांना कधी वाटली नाही. पुस्तकं बिचारी टिकली.

पत्र छोटंसंच होतं. ‘आजोबा, माझा खांदा बरा झाला. मी परत सर्फिंग करणार. जुना बोर्ड मोडला, नवा तुम्हीच निवडा. आजी म्हणायची, तुम्ही वेळ लावता पण निवडता छान. आणि किनाऱ्यावर आता आजीच्या जागेवर कोण बसणार?’

बोर्ड निदान दुकानात मिळाला असता. शेवटच्या प्रश्नाचं काय करायचं, हे आजोबांना कळत नव्हतं.

मुलाचं घर समुद्राकाठी. दर सुट्टीत दोघं तिथे जात. आजी टॉवेल घेऊन अगदी पाण्यापाशी बसे आणि आजोबा मागे छत्रीखाली, समुद्राकडे पाठ करून, पुस्तकात. मध्येच आजी ओरडे, “अहो, बघा बघा! उभी राहिली!” आजोबा ओळीवर बोट ठेवून मान वळवीत, तोवर लाट फुटलेली असे आणि मासोळी पाण्यात. “चुकलं तुमचं,” आजी म्हणे. “पुढची बघतो,” आजोबा म्हणत. पुढच्या लाटेला नेमकं प्रकरण रंगात आलेलं असे. नात लाटेवर उभी कशी दिसते, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

शेवटी एका सकाळी त्यांनी ठरवलं की आधी सर्फिंगची फळी घ्यावी, उत्तराचं मागाहून बघू.

खेळाच्या सामानाच्या दुकानात गल्ल्यावर एक जाड भिंगांच्या चष्म्याची बाई सायकलची साखळी पुसत बसली होती.

“मुलगी केवढी आहे?” तिनं विचारलं.

आजोबांनी खिशातून बांधणीचा दोरा काढला. दोन्ही टोकांना गाठी होत्या. “एवढी.”

बाईनं दोऱ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. “आणि वजन?”

“सायकलवर पुढच्या दांडीवर बसते.”

“बरं. फळी तिच्याहून हातभर उंच हवी. लहान घेतली तर तरंगत नाही, पोरगी चिडते आणि सोडून देते. बऱ्याच दिवसांनी परत जाणाऱ्यांना तर ऐसपैसच द्यावी. दोरा नक्की बरोबर आहे ना?”

“दोरा अगदी बरोबर आहे,” आजोबा म्हणाले. आयुष्यात इतक्या ठामपणे ते क्वचितच बोलले असतील.

नात इकडे राहायला आली की आजी दर वेळी पुस्तकांच्या कपाटाच्या कडेला पेन्सिलीनं तिच्या उंचीची खूण करी. त्यातल्या सगळ्यात वरच्या खुणेवरून त्यांनी दोरा मोजून घेतला होता.

फळी लिफ्टमध्ये मावेना. जिन्यानं नेली, तर वळणावर एक टोक कठड्यात आणि दुसरं छतात असं अडकलं. आजोबा फळीच्या पलीकडे आणि त्यांचं घर अलीकडे. तेवढ्यात खालून शेजारचे दंतवैद्य आले.

“काका, हे काय? जहाज घेतलंत?”

“नातीसाठी आहे हो. जरा ओढता का?”

“ओढायचं नाही! आधी हलवून सैल करायचं.” दंतवैद्यांनी बाह्या सरसावल्या. “दुखलं तर सांगा. हं, थोडं डावीकडे... आता मोठ्ठा श्वास घ्या!”

फळी निघाली. तिच्यासोबत कठड्याचा एक गजही निघाला. “किडलेलाच होता,” दंतवैद्य म्हणाले.

घरी आल्यावर आजोबांच्या हाताला काम मिळालं. बाईनं फळीबरोबर मेणाची वडी दिली होती. मेण म्हटल्यावर त्याचं काय करायचं, हे बाइंडराला कोणी शिकवायला नको. त्यांनी ते फळीभर चोळलं आणि मऊ कापडानं, चामडी पुठ्ठा घासावा तसं घासलं. संध्याकाळपर्यंत फळीत स्वतःचा चेहरा दिसू लागला. मग तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, कोपरे दुमडले, वर नावाची चिठ्ठी डकवली. नाव घालायची वेळ आली आणि पेन अडलं.

तेवढ्यात सूनबाईचा फोन आला.

“बाबा, जेवलात का?”

“फळी घेतली,” आजोबा म्हणाले. “कुरिअरनं पाठवतो.”

“खरंच? केवढी घेतलीत?”

“कपाटावरच्या खुणेहून हातभर मोठी.”

“अहो बाबा, ती खूण कधीची! आता ती माझ्या चपला घालते. मागच्या रविवारी माळ्यावरचा डबा तिनंच काढून दिला, स्टूल न घेता.”

आजोबा कपाटाकडे पाहत राहिले. खूण जिथल्या तिथे होती.

“रागावली असेल ना?” त्यांनी हळूच विचारलं.

“रोज पोस्टमनला विचारायची. हल्ली विचारत नाही.”

सकाळी आजोबा फळी घेऊन पुन्हा दुकानात उभे. बाईनं कव्हर काढलं आणि हात फिरवला.

“हे काय केलंत? आरसा केलात की! अहो, मेण पाय घसरू नये म्हणून असतं. खरखरीतच ठेवायचं.”

“बदलून मोठी मिळेल?”

“मिळेल, खरवडीन मी. पण मोठी म्हणजे केवढी? नवा दोरा आणलात?”

आजोबांनी नकारार्थी मान हलवली.

“पोरगी राहते कुठे?”

“समुद्राकाठी.”

बाईनं चष्मा काढला. “आजोबा, समुद्राकाठी फळ्यांची दुकानं रांगेनं असतात. इथून कुरिअरनं कशाला? दोघं मिळून तिथेच घ्या की.” मग आवाज उतरवून म्हणाली, “का जायचंच नाहीये?”

“जायचंय,” आजोबा म्हणाले. ते ऐकून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “पण तिथे बसायचं कसं, ते मला येत नाही. ते सगळं तिची आजीच करायची.”

“समुद्राकडे तोंड करून,” बाई म्हणाली. “पैसे परत देते. दोरा मात्र घेऊन जा.”

दुकानासमोरच्या बाकावर बसून त्यांनी उत्तर लिहिलं. पेन कुठेच अडलं नाही.

‘मासोळी, मी फळी निवडली, पण ती चुकली. तू केवढी झालीस हे मला ठाऊक नाही. मोजायला येतोय. आजीच्या जागेवर मी बसेन. पुस्तक आणत नाही.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट पडलं आणि त्यांना आठवलं, खाली ‘तुझे आजोबा’ लिहायचं राहिलं! त्यांनी फटीत बोटं घातली, मग मनगट. दवाखान्याकडे निघालेले दंतवैद्य थांबले.

“काका, काय चाललंय?”

“जरा काढता का हो? हलवून, सैल करून?”

दंतवैद्यांनी फटीत डोकावून पाहिलं, आजोबांचं मनगट अलगद बाहेर काढलं आणि मान हलवली.

“हात निघाला, पण ते नाही निघायचं आता. खोल गेलंय.”