जिभेखालचा पुदिना

"ती पेटी खाली ठेव की जरा! नवव्या महिन्यातल्या बाईसारखा बसलायस," लायलच्या सासूबाई, नोलीनबाई, म्हणाल्या आणि त्यांनी गाडी फाटकातून बाहेर काढली.

लायलने बर्फाची पेटी मांडीवरून हलवली नाही. "सॉसेजेस आहेत आत. उन्हाने खराब होतील."

"गाडीत कुठलं आलंय ऊन? आणि तुझ्या त्या क्लचचं काय झालं? पाच आठवडे झाले. अख्ख्या विराबी गावात क्लच मिळेना होय?"

"ऑर्डर दिलीय," लायल म्हणाला.

लायलच्या गाडीचा क्लच ठणठणीत होता. बिघाड होता तो लायलमध्ये, आणि तोही दुरुस्त होत आला होता. छपरांवर कौलं घालण्याचा त्याचा धंदा. दिवसभर छपरावर तापायचं आणि संध्याकाळी मागच्या अंगणात बसून गांजा ओढायचा, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. शेवटी बायकोने, ट्रूडीने, एक दिवस बॅग भरून दाराशी ठेवली आणि म्हणाली, "आता तूच सांग, ही बॅग उचलू की पुन्हा माळ्यावर टाकू?" लायलने स्वतः शिडी लावून बॅग माळ्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी शहरातल्या दवाखान्यात नाव नोंदवलं.

तिथला प्रकार काट्याने काटा काढण्याचा होता. गांजा सोडताना झोप उडते, घाम फुटतो, माणूस भिंतीशीही भांडतो. ते सोसवावं म्हणून गांजापासूनच केलेलं औषध जिभेखाली फवारायचं आणि हळूहळू तेही कमी करत न्यायचं. मात्र औषधाची चाचणी अजून चालू होती. निम्म्या लोकांच्या बाटलीत खरं औषध आणि निम्म्यांच्या बाटलीत नुसतं पुदिन्याच्या चवीचं पाणी. कुणाच्या वाट्याला काय आलंय ते लायललाही ठाऊक नव्हतं आणि बाटली देणाऱ्या लियन नर्सलाही.

"माझी खरी आहे," पहिल्याच रात्री गाढ झोपून उठल्यावर लायल म्हणाला होता. "मला नका शिकवू. वीस वर्षांचा अनुभव आहे."

दवाखान्याचे नियम दोन. औषध चालू आहे तोवर गाडी चालवायची नाही. आणि बाटली दुसऱ्या कुणाला दिली, तर नाव कटलंच म्हणून समजा. पहिल्या नियमामुळे दर शनिवारी लायलला सासूबाईंच्या गाडीतून त्यांच्या खेळाच्या क्लबात सॉसेज भाजायला जावं लागे. दुसरा नियम मोडण्याचा प्रश्नच नव्हता. ती तपकिरी बाटली तो पेटीत बर्फाशेजारी उभी ठेवी आणि पेटीला जिवापलीकडे जपे. बाटली गेली की झोप गेली, झोप गेली की आपण पुन्हा अंगणात, आणि आपण अंगणात की बॅग दाराशी. हा हिशेब त्याला पाठ होता.

सासूबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणजे, त्यांच्या मते त्यांना सगळं माहीत होतं. जावई अधूनमधून पेटीत तोंड घालून काहीतरी फुसफुस करतो, मग त्याच्या तोंडाला पुदिन्याचा वास येतो, हे त्यांनी हेरलं होतं. सकाळी सकाळी बिअर ढोसतो आणि वास लपवतो, असा त्यांनी निकाल लावून टाकला होता. लायलनेही तो खोडला नव्हता. त्या गावात बिअरवरून जावयाची अब्रू जात नाही.

त्या शनिवारी उपांत्य सामना होता. खेळ म्हणजे हिरवळीवर जड गोळे घरंगळवायचे आणि ते जॅक नावाच्या इवल्याशा पांढऱ्या चेंडूजवळ नेऊन थांबवायचे. दिसायला सोपा, पण भल्याभल्यांची मनःशांती घालवणारा. नोलीनबाईंची गाठ मिसेस हॅलोरनशी होती, आणि मिसेस हॅलोरनना त्या आजवर एकदाही हरवू शकल्या नव्हत्या. लायल नेहमीप्रमाणे फाटकाजवळच्या शेगडीवर सॉसेज भाजत उभा होता.

"एक दे," पांढरेशुभ्र कपडे घातलेल्या नोलीनबाई येऊन म्हणाल्या. "आणि कांदा घाल. भरपूर घाल."

"सामन्याआधी कांदा?" लायल चकित झाला. सामन्याआधी बाई नुसता चहा पीत.

"आज समोर हॅलोरन आहे रे. रिकाम्या पोटी नाही जमायचं."

ब्रेडच्या घडीत सॉसेज, वर परतलेल्या कांद्याचा ढीग. बाईंनी ते उभ्याउभ्याच संपवलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. खेळाआधी दोघी खेळाडूंनी हस्तांदोलन करायचं, हा त्या खेळाचा न मोडता येणारा शिष्टाचार. मिसेस हॅलोरन हात हातात घेऊन चांगलं तोंडाजवळ तोंड आणून बोलत. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. लायल पाठमोरा होऊन कांदा हलवत होता. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, तपकिरी बाटली काढली आणि तोंडात दणादण फवारे मारले.

लायलने फुसफुस ऐकली आणि वळला. त्याच्या हातातला चिमटा शेगडीत पडला.

"नोलीन! ते... ते माझं आहे!"

"अरे हो, खाल्ली नाही बाटली तुझी. घे." बाईंनी बाटली त्याच्या हातात कोंबली. "पण चव फर्मास आहे हं."

आणि त्या तरातरा हिरवळीवर गेल्यासुद्धा.

आता काय करावं? सांगावं, तर दवाखान्यातून नाव कटणार. न सांगावं, तर बाईंचं वय सत्तरीच्या पुढचं, रक्तदाबाची गोळी चालू. लायल कुंपणाला धरून उभा राहिला. नुसत्या पाण्याची शंका त्याच्या मनाला शिवलीही नाही. अनुभव होता ना वीस वर्षांचा!

पहिल्या डावात बाई हसल्या. नोलीनबाई खेळताना हसल्या हे क्लबात कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या डावात त्यांनी मिसेस हॅलोरनच्या टोपीची तारीफ केली. एकदा तर गोळा सोडल्यावर, "जा रे बाळा, सावकाश जा," असं त्या चक्क गोळ्याला म्हणाल्या. आणि गोळा खरोखरच सावकाश गेला आणि जॅकला टेकून थांबला.

"चढली," लायल पुटपुटला. त्याने ट्रूडीला फोन लावला.

"आईने काय घेतलं?" ट्रूडी ओरडली. "दवाखान्यात फोन कर आधी!"

"मला काढून टाकतील गं ते."

"आईला काही झालं तर मी काढून टाकीन तुला! थांब, मीच करते फोन. आणि तिला गाडीला हात लावू देऊ नकोस. शनिवारी पुलाजवळ पोलीस असतात, कुणी नशा केलीय का ते थुंकीवरून तपासायला."

इकडे नोलीनबाई जिंकल्या. मिसेस हॅलोरनचा हात हातात घेऊन त्यांनी तो इतका वेळ हलवला की पंचाला मध्ये पडावं लागलं. मग त्यांनी चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले केकचे दोन तुकडे खाल्ले, आणि तिसरा हातात घेऊन दुसऱ्या हाताने किल्ली खुळखुळवत लायलपुढे उभ्या राहिल्या. "चला जावईबापू! भूक कसली लागलीय म्हणून सांगू!"

भूक! गांजा चढला की लायललाही अशीच लागे. आता शंकेला जागाच उरली नाही. लायलने किल्ली हिसकावून घेतली.

"वेड लागलं का तुला?"

"बसा इथे. नोलीन, बसा आधी." तो बाकावर बसला आणि मातीकडे बघत त्याने सगळं सांगून टाकलं. क्लच, अंगण, बॅग, बाटली, सगळं. "माझं नाव कटलं तर कटू दे. पण तुम्ही गाडी चालवायची नाही."

बाईंचा केकचा तुकडा हातातच राहिला.

"म्हणजे मी," त्या हळूच म्हणाल्या, "गांजाच्या नशेत जिंकले?"

"हो."

"तरीच! तरी म्हटलं आज हात एवढा हलका कसा!" आणि त्या गदगदून हसल्या. हसताहसता मध्येच थांबल्या. "पाच आठवडे? पाच आठवडे ओढला नाहीस तू?"

"नाही."

"आमच्या हॅरल्डला, तुझ्या सासऱ्यांना, एक सिगारेट सुटली नाही रे. मरेपर्यंत सुटली नाही. मी किती रडले, किती भांडले." त्यांनी डोळे पुसले आणि केकचा तुकडा लायलच्या हातावर ठेवला. "खा. नाव कसं कापतात ते बघतेच मी."

शेजारच्या बाईच्या गाडीतून ट्रूडी क्लबाच्या फाटकाशी उतरली, तेव्हा फोन तिच्या कानालाच होता. पलीकडून लियन नर्स सांगत होती, "तातडीची वेळ, म्हणून डॉक्टरांनी नोंद उघडून बघितली. तुमच्या आईंना काही होणार नाही. त्या बाटलीत पाणी आहे. पाणी आणि पुदिना."

"पाणी?" ट्रूडी थबकली. "अहो, पण तो पहिल्या रात्रीपासून गाढ झोपतोय!"

"असं होतं कधीकधी. त्यांनी मुद्दाम दिली नाही ना बाटली? मग त्यांचं नाव राहील. फक्त त्यांना काही सांगू नका. निम्मी मुदत अजून बाकी आहे."

ट्रूडीने फोन ठेवला. समोर बाकावर तिची आई आणि तिचा नवरा केकचा एकच तुकडा वाटून खात होते. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण असं दृश्य तिने पाहिलं नव्हतं. तिला जोरात हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही तिने गिळलं.

आईची गाडी तिनेच चालवली. पुलाजवळ पोलिसाने हात दाखवताच मागच्या सीटवरून नोलीनबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब, मी मागे बसलेय हं! मी काही चालवत नाहीये!"

"दिसतंय मला, आजी," पोलीस म्हणाला आणि ट्रूडीची थुंकी तपासून त्याने गाडी सोडली.

"वाचलो!" बाईंनी सुस्कारा टाकला.

लायलने मग भीतभीत विचारलं, "नर्स काय म्हणाली? काढलं मला?"

"नाही," ट्रूडी म्हणाली. तिने नजर रस्त्यावरून हलवली नाही. "औषध तुला उत्तम लागू पडलंय म्हणाली."

लायलने मांडीवरची पेटी थोपटली. "मी सांगत नव्हतो? माझी खरीच आहे. या बाटलीशिवाय माझ्याच्याने काही झालं नसतं गं. माझ्यात कुठे एवढा दम!"

ट्रूडीने स्टिअरिंग घट्ट धरलं. "हो रे," ती म्हणाली. "जप तिला."

"तो काय जपतोय, सगळा धांदरट कारभार," मागून नोलीनबाई म्हणाल्या. "दे ती पेटी इकडे." आणि त्यांनी पेटी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि घर येईपर्यंत खाली ठेवली नाही.